कांद्याची झोप

उन्हाळ्यात पनवेलच्या बाजारात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा येतात. आम्ही दरवर्षी दोन आणून खुंटीला टांगतो. पावसाळा सरता सरता एखाद्या कांद्याला हिरवा कोंब दिसतो. ना माती, ना पाणी. मग त्याला जागं केलं कोणी?

सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो, कार्य कारणात आधीच असतं. कांदा उभा चिरून पाहा, कोंबाचं टोक आतच बसलेलं असतं. प्रश्न एवढाच, ते इतके दिवस थांबतं का?

विसाव्या शतकानं उत्तर रसायनात शोधलं. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं, की भाताची रोपं अवाजवी उंच होतात ती एका बुरशीच्या स्रावामुळे. त्यातून पुढे जिबरेलिन हाती आलं. १९६० च्या दशकात वाढ रोखणारं द्रव्य सापडलं. ब्रिटनमध्ये कळ्यांची झोप अभ्यासणाऱ्यांनी त्याला 'डॉर्मिन' म्हटलं, अमेरिकेत कापसाची बोंडगळ अभ्यासणाऱ्यांनी 'ॲब्सिसिन'. द्रव्य एकच निघालं. नाव ठरलं ॲब्सिसिक आम्ल.

कांद्यात काय दिसलं? साठवणीत रोधक द्रव्यं ओसरतात, जिबरेलिन आणि सायटोकायनिन वाढतात. म्हणजे झोप ही एका द्रव्याची करामत नव्हे, तो तोल आहे. त्यात तापमानाचाही हात असतो: १० ते १५ अंशांत कोंब लवकर येतो, शून्याजवळ किंवा २५ ते ३० अंशांत उशिरा.

शेतकऱ्याला हे पुस्तकी नाही. एप्रिलमध्ये काढलेला रब्बी कांदा तो भावाच्या आशेवर दिवाळीपर्यंत चाळीत धरतो. कोंब फुटला की आशा संपली. म्हणून उपाय निघाले. १९४९ मध्ये मॅलेइक हायड्राझाइड पुढे आलं. ते कांदा काढण्याआधी पातीवर फवारतात. २००२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र लासलगावला उभं राहिलं. तिथे कोबाल्ट-६० चे किरण देतात, तेही कांदा झोपेत असतानाच.

पण इथे थांबून विचार करू. हे दोन्ही उपाय झोप लांबवत नाहीत, कोंबाच्या टोकाचं पेशीविभाजनच थांबवतात. कोंब न आलेले दोन कांदे शेजारी ठेवा, डोळ्यांना सारखेच. एक झोपलेला आहे, दुसऱ्याची उठण्याची शक्तीच गेली आहे. भाजीला फरक पडत नाही. बियाण्यासाठी कांदा लावणाऱ्याला मात्र पडतो; त्याला पहिलाच हवा.