माणूस काढ : एका कागदावर मोजलेली बुद्धी

भिवंडीच्या एकाच वस्तीत चार घरांत चार भाषा ऐकू येतात. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांची उर्दू, पद्मशाली मागवाल्यांची तेलुगू, उत्तर प्रदेश-बिहारच्या कामगारांची हिंदी-भोजपुरी आणि भोवतालच्या गावांतील आगऱ्यांची मराठी. तालुक्यातील पाड्यांवर वारली आणि कातकरी राहतात. अशा ठिकाणचे सहा वर्षांचे मूल वर्गात मागे पडले, तर त्याची बुद्धीच मंद आहे, की केवळ शिक्षकाची भाषा त्याला कळत नाही? उत्तर चुकले तर ‘मंद’ हा शिक्का त्या मुलाला आयुष्यभर पुरतो.

मुंबई इलाख्यात या प्रश्नाला पहिले भरीव उत्तर दिले ते डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. बिने यांची फ्रेंच कसोटी त्यांनी धारवाडला कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. बिने-कामत कसोटी आजही वापरात आहे. पण तिचा बराच भाग शाब्दिक आहे, आणि जिथे घरची भाषा एक, गल्लीची दुसरी आणि शाळेची तिसरी, तिथे शब्दांची कसोटी आधी भाषाच मोजते.

मग शब्दच वगळले तर? अमेरिकेतील फ्लोरेन्स गुडइनफ यांनी १९२६ साली नेमके तेच केले. मुलाला कागद-पेन्सिल द्यायची आणि सांगायचे : माणूस काढ, जमेल तितका चांगला काढ. चित्राच्या सौंदर्याला गुण नाहीत. डोके आहे का, हात धडाला जोडले आहेत का, ते योग्य जागी जोडले आहेत का, बोटे पाच आहेत का, अशा ५१ बाबी तपासायच्या. प्रत्येक गुणाला तीन महिने. तीन वर्षांच्या पायावर ते चढवत गेले की मुलाचे ‘मानसिक वय’ मिळते. त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणले की बुद्ध्यंक. दहा-पंधरा मिनिटांचे काम, खर्च एका कागदाचा. ही कसोटी जगभर वेगाने पसरली यात नवल नाही.

त्या ५१ बाबींमध्ये पाच बाबी कपड्यांच्या होत्या. एका गुणासाठी बाह्या आणि विजार दोन्ही दिसणे आवश्यक होते. दुसऱ्यासाठी किमान चार वस्त्रे हवीत, आणि त्यांच्या यादीत होते हॅट, कोट, कॉलर, नेकटाय, पट्टा. लंगोटी लावलेला बाप रोज पाहणाऱ्या मुलाने आपला माणूस कितीही इमानाने काढला, तरी हे गुण त्याच्या हातून जाणारच.

याहून बोलके उदाहरण ठाणे-पालघरच्या भिंतींवर आहे. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण, वर वाटोळे डोके, काडीसारखे हातपाय. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने तो पिढ्यान्‌पिढ्या काढला जातो आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी तो कागदावर आणला, जगभर नेला आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळवली. आता हीच आकृती गुडइनफ यांच्या तक्त्यावर ठेवून पाहावी. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही, कपडे नाहीत, हातापायांना जाडी नाही. वाकलेल्या कोपर-गुडघ्यांचे एखाद-दोन गुण पदरात पडतील, एवढेच. आपल्या आजीसारखा माणूस काढणारे पाड्यावरचे मूल तक्त्याच्या हिशेबात वयाने कितीतरी लहान भरेल.

चित्र पाहण्या-काढण्याच्या सवयीचा हा परिणाम पुढे आकड्यांतही दिसला. वेन डेनिस यांनी १९४२ साली अमेरिकेतील होपी आदिवासी मुलांचे निष्कर्ष मांडले : मुलग्यांचा सरासरी बुद्ध्यंक ११६ च्या वर, मुलींचा शंभराच्या आसपास. होपी समाजात चित्रकला पुरुषांकडे होती, हेच त्याचे कारण त्यांना दिसले. (वारल्यांत नेमके उलटे : लग्नाचा चौक परंपरेने सवाशिणी लिहितात.)

स्वतः गुडइनफ यांनीही आरंभी निरनिराळ्या वंशांच्या मुलांची या कसोटीवर तुलना केली होती. १९५० साली डेल हॅरिस यांच्यासह लिहिलेल्या आढाव्यात त्यांनी संस्कृतिमुक्त कसोटीचा शोध हा भ्रम असल्याचे म्हटले, आणि एका तळटीपेत आपल्या त्या जुन्या अभ्यासाबद्दल सरळ माफी मागितली. विद्वानांच्या तळटीपा सहसा स्वतःच्या समर्थनासाठी असतात; म्हणून ही विशेष लक्षात राहते.

भारतात ही कसोटी टाकून न देता तिला इथल्या मुलांच्या मापाने पुन्हा बेतण्याचे काम बडोद्याला झाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी ‘ड्रॉ-अ-मॅन’ची स्वतंत्र श्रेणी तयार केली. अर्भकांच्या वाढीची ‘बडोदा मानके’ही त्यांचीच. मूल कोणत्या वयात काय करते हे परदेशी तक्त्यावरून न ठरवता इथल्या मुलांकडे पाहून ठरवायचे, ही त्यांची धारणा दोन्ही कामांमागे आहे. मराठी वाचकांना हे नाव फारसे ठाऊक नाही, याची खंत वाटते.

तरीही ‘भारतीय मूल’ हे एकच मूल नव्हे. वीटभट्टीवर आईबापांबरोबर हिंडणाऱ्या, पेन्सिल क्वचितच हाती आलेल्या कातकरी मुलाची रेघ आणि अंगणवाडीपासून पाटी गिरवणाऱ्या मुलाची रेघ एका तक्त्यावर मोजताना अडचण तीच उरते. २०१४ साली ब्रिटनमधील साडेसात हजारांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांवरील अभ्यासात चौथ्या वर्षी काढलेल्या चित्राचा त्याच वयातील बुद्धिमापनाशी सहसंबंध सुमारे ०.३३ आढळला. संबंध आहे, पण एकेका मुलाचा निवाडा करण्याइतका तो घट्ट नाही. म्हणून जाणकार मानसतज्ज्ञ हा कागद पहिली चाळणी म्हणून वापरतात, आणि आकडा मांडण्यापूर्वी विचारतात : घरात कोणती भाषा बोलता, शाळेत कधीपासून जातो, पेन्सिल पहिल्यांदा कधी धरली?