विहिरीत पाणी, पण पीक तहानलेले : शेगावच्या कापसामागचे विज्ञान आणि इतिहास

१/ शेगावच्या परिसरात अशा कित्येक विहिरी आहेत, ज्यांत पाणी आहे. पण ते पिकाला देता येत नाही. दिले, तर पीक सुकू लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात बुलढाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरलेल्या या भूभागाला ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. ओल्या जमिनीतही झाड तहानलेले का राहते? या प्रश्नाचे उत्तर सुमारे दोनशे वर्षांत, तुकड्यातुकड्यांनी हाती आले.

२/ प्रथम कापूस. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. शेगाव याच मार्गावर आहे. १८७० मध्ये जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत फाटाही निघाला.

३/ हा सारा कापूस कोरडवाहू होता. खोल काळी जमीन पावसाचे पाणी धरून ठेवते आणि मुळे ते हळूहळू घेतात. पण मुळांनी घेतलेले पाणी शेंड्यापर्यंत चढते कसे?

४/ इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाच्या कुंडीचे वजन वारंवार करून पाने किती पाणी हवेत सोडतात हे मोजले. त्यांचा ग्रंथ १७२७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन व जोली यांनी उलगडा केला : पानातून पाणी उडते, तेव्हा एकमेकांना धरून असलेले पाण्याचे कण जलवाहिन्यांतून वर ओढले जातात.

५/ मात्र पाणी मुळात शिरते कसे? येथे परासरण येते. जर्मन शास्त्रज्ञ फेफर यांनी १८७७ मध्ये त्याचा दाब मोजून दाखवला. पाणी कमी क्षारांकडून अधिक क्षारांकडे जाते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, ते याच नियमाने. मातीतील पाणीच खारे झाले, तर मुळांना ते ओढून घेणे कठीण होते. पाणी शेजारी असते, पण हाती लागत नाही.

६/ दुसरी हानी जमिनीची. खाऱ्या पाण्यातील सोडियममुळे चिकणमातीची घडण मोडते आणि जमीन चोपण होते. मग पाणी मुरत नाही, मुळांना हवाही मिळत नाही.

७/ आता अन्न. सतराव्या शतकात इटलीच्या माल्पिघी यांनी झाडाची साल गोलाकार काढली, तेव्हा कापाच्या वरचा भाग फुगला. याच पद्धतीने १९२८ मध्ये मेसन व मास्केल यांनी त्रिनिदाद बेटावर प्रयोग केले आणि पानांत तयार झालेली साखर सालीतील रसवाहिन्यांतून प्रवास करते हे दाखवले. त्यांनी प्रयोगासाठी निवडलेले झाड होते कापसाचे!

८/ बोंडात हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी. आतल्या पाण्याच्या दाबाने ती लांबते, आणि साखरेपासून तिची भिंत जाड होते. ऐन भरात पाण्याचा ताण पडला की पातेगळ होते, बोंडे लहान राहतात, तंतू आखूड होतो. त्याची झळ थेट शेतकऱ्याच्या उत्पन्नाला बसते.

९/ म्हणूनच या पट्ट्यात कापूस, ज्वारी, तूर, हरभरा अशी पावसावरची पिके टिकून राहिली. १९६९ मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. चोपण जमिनीला जिप्सम देतात, ते त्यातील कॅल्शियमने सोडियमची जागा घ्यावी म्हणून. शेततळ्यात साठवतात ते पावसाचे गोडे पाणी.

१०/ दुष्काळाचा इतिहास आपण बहुधा पाण्याच्या अभावाचा म्हणून वाचतो. खारपाणपट्ट्याचा इतिहास वेगळा आहे. येथे किती पाणी आहे, याइतकेच ते मुळांना घेता येते का, हेही पाहावे लागते.