नावापुरती कोरी जागा

युरोपात खिळे जुळवून छापलेल्या ज्या वस्तूंवर तारीख सापडते, त्यांतली सर्वांत जुनी वस्तू ग्रंथ नाही. ते चर्मपत्रावरचं ३१ ओळींचं लॅटिन क्षमापत्र, म्हणजे पापाच्या शिक्षेतून माफी देणारं चर्चचं पत्र, आहे. एर्फुर्टमध्ये त्यावर हाताने तारीख घातली गेली, २२ ऑक्टोबर १४५४. तुर्कांपासून सायप्रस वाचवण्यासाठी पैसा उभारायचा होता. मजकूर सगळा छापील, घेणाऱ्याच्या नावासाठी आणि तारखेसाठी तेवढी जागा कोरी. माणसाचं तारण विश्वासाने की कृत्यांनी, हा ख्रिस्ती जगाला दुभंगणारा वाद याच कागदाच्या कुळातून पेटला. म्हणून त्याचं मूळ शोधायला हवं.

ते मूळ उदात्त आहे. इ.स. २५०च्या सुमारास सम्राट डेशियसच्या छळाला भिऊन अनेक ख्रिस्ती लोकांनी रोमन देवतांना बळी वाहिले. छळ ओसरल्यावर त्यांना मंडळीत परत यायचं होतं आणि त्यासाठी दीर्घ, जाहीर प्रायश्चित्त होतं. अशांसाठी तुरुंगातले, मरणाच्या दारी उभे असलेले विश्वासवीर शिफारसपत्रं देऊ लागले: आम्ही सोसलं, त्याच्या आधारे यांना जवळ घ्या. कार्थेजचा बिशप सिप्रियन या वीरांना मानत होता, पण पत्रं मोघम होऊ लागली तेव्हा त्याने हरकत घेतली. ‘अमुक आणि त्याची माणसं’ एवढ्यावर कुणाला घ्यायचं? ज्याला ओळखता, ज्याचा पश्चात्ताप पाहिलात, त्याचं नाव लिहा, असा त्याचा आग्रह होता. पुढच्या तेरा शतकांचा प्रश्न मला या एका हरकतीत दिसतो.

पुढे आयरिश मठवाशांनी पापांनुसार प्रायश्चित्ताच्या याद्या केल्या. आजारी माणसाला वर्षभराचा उपास झेपत नसेल, तर स्तोत्रं म्हणावीत, दानधर्म करावा, अशी सवलत आली. तीही दयेपोटीच. १०९५मध्ये क्लेरमाँला दुसऱ्या अर्बन पोपने धर्मयुद्धाची वाट धरणाऱ्याचं सगळं प्रायश्चित्त माफ केलं. १२१५च्या लॅटरन परिषदेने बिशपांच्या अधिकाराला लगाम घातला: चर्चच्या प्रतिष्ठापनेला एक वर्ष, वार्षिक दिनाला ४० दिवस, याहून जास्त माफी नाही. १३४३मध्ये सहाव्या क्लेमेंटने ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याचा साठा पोपच्या हाती असल्याचं मांडलं. १४७६मध्ये चौथ्या सिक्स्टसने ही माफी पर्गेटरीत शुद्ध होत असलेल्या मृतांपर्यंत पोचवली.

शिकवण मात्र कायम होती: क्षमापत्राने पाप धुतलं जात नाही. कबुली आणि पश्चात्ताप आधी, माफी उरलेल्या शिक्षेपुरती. १५१५नंतर हा भेद बाजारात टिकला नाही. माइन्त्सचा आर्चबिशप आल्ब्रेश्त फुगर सावकारांच्या कर्जात होता. जमलेल्या पैशांतला अर्धा रोमला सेंट पीटरच्या बांधकामासाठी, अर्धा कर्ज फेडायला, असं ठरलं. प्रचारकांना दिलेल्या सूचनांत दर होते. राजे-राण्यांना २५ सोन्याचे गिल्डर, मग ऐपतीप्रमाणे उतरत, आणि निर्धनांना उपास-प्रार्थना. मृतांसाठी पैसे टाकणाऱ्याला स्वतः पश्चात्ताप करायचीही गरज नव्हती. सिप्रियनने मागितलेली ओळख इथे उरलीच नाही.

१५१७मध्ये मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गहून मांडलेले ९५ मुद्दे आपण ‘कृत्यांविरुद्ध विश्वास’ असे आठवतो. मला ते तसे वाटत नाहीत. ४३वा मुद्दा सांगतो की गरिबाला देणं, गरजवंताला उसनं देणं हे क्षमापत्र विकत घेण्यापेक्षा चांगलं. म्हणजे ल्यूथरचा पहिला आरोप असा होता की या कागदाने विश्वास तर बाजूला सारलाच, खरं सत्कृत्यही गिळलं. ‘केवळ विश्वासाने’ ही धारदार मांडणी पुढच्या वर्षांतली. मग नव्या कराराच्या १५२२च्या प्रस्तावनेत त्याने कृत्यांवर भर देणाऱ्या, त्याच करारातल्या याकोबाच्या पत्राला हलकं लेखलं, आणि १५४७मध्ये कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने ‘केवळ’ला नकार दिला. तिनेही तारणाचा आरंभ कृपेतच मानला होता, पण तोवर एकमेकांचं ऐकण्याची वेळ गेली होती.

१५६७मध्ये पाचव्या पायसने पैशांशी बांधलेल्या माफ्या रद्द केल्या. १९६७मध्ये सहाव्या पॉलने दिवस-वर्षांचे हिशेब काढून टाकले. ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने, आणि सत्कृत्यं हे त्याचं फळ. इंडल्जन्स, म्हणजे माफीचा हा प्रकार, कॅथलिक परंपरेत आजही आहे, लुथरनांना आजही तो मान्य नाही. पण २०२५च्या ज्युबिलीत, म्हणजे कॅथलिकांच्या पवित्र वर्षात, तो मिळवण्याच्या वाटांमध्ये आजाऱ्यांना, कैद्यांना, एकाकी वृद्धांना जाऊन भेटणं होतं.