चौपाटी ते बडा कब्रस्तान

26 नोव्हेंबर 2008 ची तारीख नुकतीच उलटली आहे. मध्यरात्र होऊन गेली आहे आणि तुम्ही गिरगाव चौपाटीच्या सिग्नलपाशी उभे आहात. रस्ता सुनसान. डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या लोकांनी बॅरिकेड लावून नाकाबंदी केली आहे. अनेकांच्या हातात नुसत्या काठ्या. त्यांच्यात सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, आधी फौजेत नोकरी करून मग पोलिसात आलेले. वायरलेसवर मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याच्या बातम्या एकामागून एक येताहेत: सीएसटी स्थानक, कामा रुग्णालय, आणि आता पळवलेली एक स्कोडा.

ती स्कोडा मरीन ड्राइव्हने येते आणि बॅरिकेडच्या अलीकडेच थांबते. दिवे प्रखर होतात, वायपर फिरू लागतात, काचेवर पाणी उडतं. आत कोण बसलंय ते दिसू नये म्हणून. गाडी वळायला जाते आणि दुभाजकावर अडकते. चालवणाऱ्याला गोळी लागते. दुसऱ्याच्या हातात एके-47 आहे. ओंबळे पुढे झेपावतात, बंदुकीची नळी पकडतात. गोळ्या अंगात शिरतात, तरी पकड सुटत नाही. तेवढ्यात बाकीचे धावतात आणि अजमल कसाब जिवंत हाती लागतो. हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर घडतं आणि तुम्हाला हातही पुढे करता येत नाही.

इथून नरिमन पॉइंट फार लांब नाही. ओबेरॉयमध्ये त्याच रात्री अॅलन शेर आणि त्यांची 13 वर्षांची मुलगी मारले गेले. ध्यानधारणा करणाऱ्या एका गटाबरोबर दोघं अमेरिकेहून आले होते. मुलीची आई, किया शेर, तेव्हा अमेरिकेत होती. टीव्हीवर कसाबचा चेहरा पाहून ती म्हणाली की या लोकांना आपण क्षमा केली पाहिजे. पुढे ती मुंबईत आली, इथल्या लोकांत राहिली आणि हेच पुन्हा पुन्हा जाहीरपणे सांगत राहिली.

हे ऐकताना तुम्हाला अवघडल्यासारखं होईल. व्हावंच. पण अशी क्षमा आधीही दिसली होती. याआधी दोन वर्षं, 2 ऑक्टोबर 2006 ला, म्हणजे आपल्या गांधी जयंतीला, पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्स गावात एका माणसाने अमिश या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत शिरून दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच गेल्या. त्याने स्वतःलाही संपवलं. मुलींच्या समाजातली माणसं त्याच दिवशी त्याच्या बायकोचं सांत्वन करायला गेली, त्याच्या दफनालाही हजर राहिली. तिथे क्षमेला जायला एक दार होतं, दारात एक बाई आणि तिची लेकरं होती. मुंबईने कुणाच्या दारात जायचं होतं?

आता मरीन लाइन्सला चला, बडा कब्रस्तानच्या फाटकाशी. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांचे मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून आहेत आणि त्यांना इथे जागा द्यायला जामा मशीद ट्रस्टने नकार दिला आहे. निरपराधांना मारणारे आमचे नव्हेत, असं त्यांचं म्हणणं. गेलेल्या 166 जणांत मुसलमानही होते, हे या फाटकाशी उभं राहिल्यावर जास्त जाणवतं. हा नकार मला कठोर वाटत नाही. त्यामागे या शहरातल्या माणसांचंच दुःख होतं. शेवटी जानेवारी 2010 मध्ये ते मृतदेह गुपचूप पुरले गेले. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी ते सांगितलं एप्रिलमध्ये.

कसाबवरचा खटला चालला त्या आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयातही डोकावा. दहा वर्षांची एक मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली आहे. सीएसटीवर तिच्या पायात गोळी घुसली होती. ती कसाबकडे बोट दाखवते. 6 मे 2010 ला न्यायाधीश तहलियानी त्याला फाशी सुनावतात. 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात ती दिली जाते. ओंबळ्यांच्या घरच्यांना फाशीच हवी होती आणि त्यांनी ते लपवलं नाही.

किया शेर मोठ्या मनाची, म्हणून ओंबळ्यांचं घर लहान मनाचं, असा हिशेब कुणी मांडला तर तो मला मान्य नाही. ज्याचं माणूस गेलं, त्यालाच क्षमेचा अधिकार. न करण्याचाही. आपण लांबून पाहणाऱ्यांनी तो वापरू नये, आणि मागूही नये.

म्हणून एकच विनंती. दर 26 नोव्हेंबरला या घरांसमोर माईक धरून ‘माफ केलंत का?’ असं विचारणं आता थांबवा. गेलेलं माणूस कसं होतं ते विचारा, आणि ते सांगतील तितका वेळ बसून ऐका.