नासाग्रसनीचा कर्करोग : विषाणू-प्रतिपिंडे आणि 'जीवनशैली' या संज्ञेचा प्रश्न

प्रस्तावना : नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात होणारा नासाग्रसनीचा कर्करोग जगात बहुतेक ठिकाणी दुर्मीळ आहे, मात्र दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग, ग्वांग्शी व हाँगकाँग या भागांत त्याचे प्रमाण मोठे आहे. त्याच्या कारणांचा शोध घेताना अभ्यासकांनी एकीकडे विषाणूचा, तर दुसरीकडे आहार व सवयींचा विचार केला. या दुसऱ्या गटास आज 'जीवनशैलीजन्य धोके' म्हणतात. ही संज्ञा या रोगाच्या इतिहासास कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतिपिंडांचा पुरावा : १९६४ मध्ये एपस्टाईन, अचाँग व बार यांना आफ्रिकेतील बर्किट लिम्फोमाच्या पेशींत एक नवा विषाणू दिसला. १९६६ मध्ये लॉईड ओल्ड व सहकाऱ्यांना या पेशींच्या अर्काशी संयोग पावणारी प्रतिपिंडे नासाग्रसनी-कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तद्रवातही आढळली. दोन भिन्न रोगांचा संबंध असा अनपेक्षितपणे जुळला. तथापि एपस्टाईन-बार विषाणूचा संसर्ग जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना झालेला असतो; त्यामुळे प्रतिपिंडांच्या केवळ अस्तित्वास फारसा अर्थ नव्हता. १९७६ मध्ये हेन्ले दांपत्याने 'आयजीए' वर्गातील प्रतिपिंडांकडे लक्ष वेधले आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले.

झेंग यी यांनी या ज्ञानाचा उपयोग ग्वांग्शीमधील सामूहिक तपासणीत केला. त्सांगवू परगण्यात १,४८,०२९ व्यक्ती तपासल्या गेल्या. पैकी ३,५३३ जणांत ही प्रतिपिंडे आढळली आणि त्यांतील ५५ जणांस कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे दर ६४ जणांमागे सुमारे एक! लवकर निदान हा मोठाच लाभ. पण उरलेल्या त्रेसष्टांच्या वाट्याला आली ती टांगती तलवार. पुढे २००१ मध्ये तैवानच्या ९,६९९ पुरुषांवरील अभ्यासाने रोग प्रकट होण्याच्या कितीतरी आधी घेतलेल्या रक्तातही धोक्याची सूचना मिळते, हे दाखवून दिले.

आहार व परिस्थिती : विषाणू सर्वत्र असताना रोग विशिष्ट प्रदेशातच का, याचे उत्तर हाँगकाँगचे डॉ. जॉन हो यांनी स्वयंपाकघरात शोधले. होड्यांवरच राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांत रोग अधिक होता आणि त्यांच्या जेवणात खारवलेला मासा नित्याचा होता. १९८६ मध्ये मिमी यू व सहकाऱ्यांनी पस्तिशीच्या आतील २५० रुग्णांचा अभ्यास केला. अंगावरचे दूध तोडताना ज्या मुलांना हा मासा भरवला गेला होता, त्यांच्यात धोका सुमारे साडेसात पट आढळला. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने चिनी पद्धतीचा खारवलेला मासा निश्चित कर्करोगकारक ठरवला. (इतर खारवलेल्या माशांबाबत पुरावा अपुरा असल्याचे त्याच वेळी नमूद झाले, आपल्याकडील खाऱ्या बांगड्यास त्याच पंक्तीत बसवण्याची घाई नको.) तंबाखूचा संबंधही पुढे मान्य झाला.

प्रौढाने ओढलेल्या तंबाखूस 'जीवनशैली' म्हणता येईल. वर्षाच्या मुलाच्या तोंडात पडलेल्या घासास ते नाव कसे द्यावे? तो घास मुलाने निवडलेला नव्हता आणि त्याच्या आईपुढेही फारसे पर्याय नव्हते. १९८० नंतर हाँगकाँगमध्ये रोगाचे प्रमाण घटत गेले. त्या दशकांत होड्यांवरची बरीच कुटुंबे किनाऱ्यावरील वसाहतींत राहावयास गेली आणि शहराच्या एकूण आहारात ताजे अन्न वाढले.