कऱ्हाड

कऱ्हाड (कराड) : महाराष्ट्र राज्याच्या सातारा जिल्ह्यातील एक प्राचीन नगर व तालुक्याचे ठिकाण. हे साताऱ्याच्या आग्नेयीस सु. ५० किमी.वर, कृष्णा व कोयना यांच्या संगमावर वसले आहे. कोकण, पाटण, कऱ्हाड, विटा व विजापूर यांना जोडणारा मार्ग येथून जातो. कृष्णा उत्तरेकडून व कोयना दक्षिणेकडून येऊन समोरासमोर मिळतात आणि एकत्रित प्रवाह काटकोनात पूर्वेस वळतो. या संगमास प्रीतिसंगम म्हणतात.

करहाटक, करहाकट, करहाड ही याची जुनी नावे. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिणदिग्विजयात करहाटकाचा उल्लेख आहे. मात्र या नगराच्या प्राचीनत्वाचा पुरावा नगरात थोडा व नगराबाहेर अधिक आढळतो. दोन नद्यांनी सीमित केलेल्या उंचवट्यावर पिढ्यानपिढ्या वस्ती होत राहिल्याने जुन्या वास्तू फारशा उरल्या नाहीत. मध्य प्रदेशातील भरहुत स्तूपाच्या दगडी कठड्यावर करहाकट येथील दात्यांचे लेख कोरलेले असून त्यांपैकी एक दान कोणा व्यक्तीचे नव्हे, तर तेथील निगमाचे, म्हणजे व्यापारी नगरसंस्थेचे आहे. कोकणातील कुडे येथील एक लेणे येथील महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने कोरवून दिले. घाटमार्गाने चालणारा व्यापार आणि त्यातून आलेली सुबत्ता यांची साक्ष हे लेख देतात. शहराच्या नैर्ऋत्येस आगाशिवाच्या डोंगरात जखिणवाडीजवळ पन्नासहून अधिक बौद्ध लेणी असून ती बहुतांशी साधी व शिल्पविरहित आहेत.

पुढे येथे शिलाहारांची एक शाखा राज्य करीत होती. त्या घराण्यातील राजकन्या चंद्रलेखा ही कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (कार. १०७६–११२६) याची राणी. काश्मीरी कवी बिल्हण याच्या विक्रमांकदेवचरितात तिच्या स्वयंवराचे वर्णन आहे. कऱ्हाडे ब्राह्मण या ज्ञातीचे नावही या स्थळावरूनच पडले.

नगरातील अवशिष्ट वास्तूंत आदिलशाही काळातील मशिदीचे दोन उंच मनोरे, पंताचा कोट आणि त्यातील नकट्या रावळाची पायऱ्यांची भव्य विहीर या प्रेक्षणीय होत. नदीकाठी कृष्णाबाईचे मंदिर व घाट आहे. महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे असले, तरी त्यांची जडणघडण कऱ्हाडात झाली. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते निधन पावले. त्यांची समाधी प्रीतिसंगमावर आहे.

ज्या नद्यांनी हे नगर वाढविले, त्याच २००५ व २०१९ च्या महापुरांत घाट ओलांडून वर आल्या. भरहुतच्या शिळेवर नाव टिकले. पण खुद्द कऱ्हाडातील मनोरे, कोट व विहीर यांचे रक्षण येथील नागरिकांवरच अवलंबून आहे.