समुद्राच्या तळाशी ४३० रणगाडे

युद्धात मदत जाहीर झाली की आपल्याला वाटतं, झालं काम. आता १९४२ची गोष्ट ऐका. हिटलरशी लढणाऱ्या सोव्हिएत रशियासाठी रणगाडे, विमानं घेऊन 'पीक्यू-१७' हा जहाजांचा ताफा आइसलँडहून निघाला. ४ जुलैला लंडनहून हुकूम आला: पांगा! 'टिरपिट्झ' ही जर्मन युद्धनौका येतेय, असा अंदाज होता. सोबतच्या युद्धनौका निघून गेल्या. एकट्या पडलेल्या जहाजांवर पाणबुड्या, विमानं तुटून पडली. ताफ्यातली २४ व्यापारी जहाजं बुडाली. त्यांच्यासोबत सुमारे ४३० रणगाडे, २१० विमानं. टिरपिट्झ ताफ्यापर्यंत पोहोचलीच नाही! मी सॉफ्टवेअरवाला, आमच्याकडेही 'पाठवलं' म्हणजे 'पोहोचलं' नसतं. पण फाइल हरवली तर मी परत पाठवतो. त्यातले कित्येक खलाशी परत आले नाहीत.